शिंकेआधी सावधान

लेलेबाईंना शिंक आली की शाळेचा सगळा व्हरांडा थांबायचा. त्या चालता चालता जागच्या जागी उभ्या राहत, एक पाय दुसऱ्यावर घट्ट आवळून घेत, पाठ ताठ करत, डोळे मिटत आणि मगच शिंकत. मग पाय सुटे करून, काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागत. पनवेलच्या आमच्या मुलींच्या शाळेत या प्रकाराला ‘शिंकेआधी सावधान’ असं नाव पडलं होतं. निम्म्या मुली तशाच शिंकायला शिकल्या होत्या. बाई शिंकतात तेसुद्धा शिस्तीत, असं आम्ही शिक्षिकाही कौतुकानं म्हणायचो. त्यामागचं खरं कारण कळायला आम्हांला काही वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा कुणाचं हसू टिकलं नाही.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला आले ती स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी. लेलेबाई तेव्हा कवायत शिकवायच्या. अंगानं किरकोळ, उंचीनं बेताच्या, पण आवाज असा की मैदानावरची ‘विश्राम’ची आरोळी पार तळ्याच्या पलीकडे ऐकू जायची. गळ्यात काळ्या गोफात शिट्टी; मुली पळायच्या आणि बाई कडेला उभं राहून ती वाजवायच्या. काष्ट्याचं लुगडं कायम गडद, शाईच्या नाहीतर पिकल्या जांभळाच्या रंगाचं. एका संमेलनात मुलींनी वर्गणी काढून त्यांना मोतिया रंगाचं सुंदर पातळ दिलं. बाईंनी ते डोक्याला लावलं, मुलींचे गाल कुस्करले आणि आठवड्याभरात शाळेतल्या शिपाईणीला देऊन टाकलं. मातीत काम करणाऱ्या बाईला फिका रंग काय कामाचा, असं त्यांचं म्हणणं. ते आम्हांला पटलंही.

कुणी पोक काढून बसलेलं त्यांना खपत नसे. मागून येऊन पाठीच्या मणक्यांवरून बोट फिरवायचं आणि म्हणायचं, “कणा.” बस्स, एवढंच. एस. टी. स्टँडवर ओळखीपाळखी नसलेल्या माणसालाही त्या हे म्हणत. एकदा सत्यनारायणाच्या पूजेला पोथी वाचणाऱ्या गुरुजींना म्हणाल्या, आणि गुरुजी पुढचे दोन अध्याय इतके ताठ बसले की पोथी त्यांना दिसेना. मामलेदार कचेरीत कारकून असलेले त्यांचे यजमान रस्त्यात बाई समोरून येताना दिसल्या की आपोआप सरळ होत. गावानं या बाईवर प्रेम केलं आणि गाव तिला थोडं भ्यालंही.

पण बाईंचं खरं नाव झालं ते एका दिवसामुळे. स्वातंत्र्य मिळालं त्या सकाळी पनवेलात मोठी मिरवणूक निघाली होती. तिच्या पुढे मुलींचं लेझीम पथक आणि पथकाच्या पुढे लेलेबाई. आदल्या आठवड्यातच त्यांच्या मुलीचं बारसं झालं होतं. बारशाच्या घुगऱ्या लोकांच्या घशाखाली उतरतात न उतरतात तोच ओली बाळंतीण कमरेला पदर खोचून भर पावसात लेझीम खेळली, उड्या मारल्या, बैठका मारल्या, आणि चावडीपर्यंत एकदाही थांबली नाही. ज्यांनी पाहिलं होतं ते सांगायचे, ज्यांनी पाहिलं नव्हतं ते जास्त रंगवून सांगायचे. बाई स्वतःही सांगायच्या. सव्वा महिना बाजेवर पडायचं, खाली शेगडी, कानाला फडकं, पोटाला पट्टा, ही सगळी बायकांना पांगळं करायची युक्ती आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. बाळंतीण आजारी नसते, तिला उठवा, हलवा, असं त्या पालक सभेतसुद्धा बोलायच्या. आम्हां तरुण मास्तरणींना ते फार आवडायचं. आमच्या आयांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

गंमत अशी झाली की बाईंचं हे म्हणणं सुनांच्या आधी सासवांनी उचललं.

गावातल्या घराघरांतून एकच बोलणं ऐकू येऊ लागलं. लेलेबाई बारशाच्या आठवड्यात नाचल्या आणि आमच्या सूनबाईंना अजून पाणी भरवत नाही. बाजेचा तुरुंग मोडला तो असा. बाळंतिणीची जी काय थोडीफार विश्रांती होती, डिंकाच्या लाडवांबरोबर मिळणारी, तेवढी गेली आणि तिच्या जागी कळशी, पाटा-वरवंटा आणि धुण्याची बादली आली. बाईंच्या कानावर हे यायचं. सुरुवातीला त्यांना त्याचा अभिमानच वाटला असावा. गाव सुधारतंय असं त्या म्हणाल्याचं मला आठवतं.

यमुना ही त्यांची लाडकी विद्यार्थिनी. आगऱ्याची पोर, मिठागरावर वाढलेली, हाडापेरानं दणकट. लेझीम तिच्या हातात आली की इतर मुलींकडे कुणी बघायचं नाही. बाई म्हणायच्या की अशा दहा जणी मिळाल्या तर मी मुंबईच्या शाळांना लोळवून दाखवीन. चौथीनंतर तिची शाळा सुटली आणि पुढे लग्न होऊन ती आमच्याच आळीच्या टोकाला, खाडीच्या अंगाला म्हात्र्यांच्या घरी आली. बाईंचं घर मधे, माझी भाड्याची खोली त्यांच्या शेजारी. त्यामुळे जे घडलं ते मला जवळून दिसलं.

पहिल्या बाळंतपणानंतर दोनेक महिन्यांनी यमुना शाळेत आली. बाई कवायतीच्या सामानाच्या खोलीत डंबेल्स पुसत होत्या आणि मी खिडकीशी निबंध तपासत होते. यमुनेनं मूल खांद्यावर टाकलं होतं. बराच वेळ ती दाराशीच उभी राहिली. मग खालच्या आवाजात सांगू लागली. हसलं, खोकलं, कळशी उचलली की लघवी सुटते. खाली जड वाटतं, काहीतरी सरकल्यासारखं. सासूला सांगितलं तर ती म्हणाली, “तुजी बाय बारशाच्या आठवड्यान नाचली, नि तुना कळशी उचलवत नाय?”

बाई डंबेल पुसत राहिल्या. यमुनेनं मान वर करून विचारलं, “बाई, तुमाला पन असं व्हायचं काय?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी तिला धीर दिला. नेटानं काम करत राहिलं की शरीर आपोआप घट्ट होतं, भिऊन बसलं की ढिलं पडतं, असं काहीसं. घरी दोरीवरच्या उड्या मारायला सांगितल्या. यमुना हो म्हणाली. बाईंनी दिलेली दोरी पदरात गुंडाळून ती गेली. तिच्या चेहऱ्यावर मला त्या वेळी सुटका दिसली नव्हती, शरम दिसली होती. ज्या बाईला काही झालं नाही तिच्याकडे आपण भलतंच गाऱ्हाणं घेऊन आलो, अशी. ती गेल्यावर बाईंना शिंक आली. त्या नेहमीसारख्या पायावर पाय घेऊन उभ्या राहिल्या. मी हसले आणि पुढचा निबंध ओढला.

त्यानंतर यमुनेला दुसरं मूल झालं. त्याचं बारसं झालं त्याच आठवड्यात ती विहिरीवर दिसली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. मला आणि बाईंना बघून ती हसली, आणि बाईंनी तिला लांबूनच “कणा” म्हणून दाद दिली. पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी एके दिवशी तिची सासू चांगुणाबाई बाईंच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. ही बाई कुणापुढे वाकणाऱ्यांतली नव्हती. पायरीवर न बसता, कमरेवर हात ठेवून तिनं सांगितलं.

“लेलेबाय, तुमची पोर बगायला चला. तिचं आंग भायर येतं. चार दिस मागल्या दारी बसलीय, उटाया नाय होत.”

मी बाईंबरोबर गेले. यमुना मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. पाठ एकदम ताठ होती, आम्हांला बघून तिनं ती आणखी ताठ केली. माझ्या आठवणीतली सगळ्यांत वाईट गोष्ट ती आहे.

गावात नुकतंच एक प्रसूतिगृह निघालं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी यमुनेला तपासलं, अंग, म्हणजे खाली उतरलेलं गर्भाशय, जागेवर बसवलं आणि आधाराला आत रबरी कडं घातलं. ओझं उचलायचं बंद. मुलं थोडी मोठी झाली, अंगात रक्त भरलं की मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागेल, हेही सांगितलं. मग पडद्याआड बसवून तिला एक व्यायाम दाखवू लागल्या. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवून धरल्यासारखं खालून आत, वर ओढून घ्यायचं. पोट, मांड्या, ढुंगण सैल ठेवायचं. श्वास चालू ठेवायचा. थोडं धरायचं आणि मग पूर्ण सोडायचं, कारण सोडणं हा अर्धा व्यायाम आहे. आधी पडून, मग बसून, मग उभ्यानं. चालणं आधी, ओझं पुष्कळ नंतर, उड्या सगळ्यांत शेवटी. नुसत्या व्यायामानं तिचं दुखणं जाणार नाही, पण वाढायचं थांबेल, असं त्या म्हणाल्या.

बाई पडद्याबाहेर माझ्याशेजारी बाकावर बसल्या होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. बाहेर रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, हा तर मूलबंध.” आसनांच्या ज्या पुस्तकावरून त्या शिकवत, त्यात तो होता. मुलींपुढे कसं बोलायचं म्हणून त्या ते पान उलटून पुढे जायच्या. वर्षानुवर्षं उलटत होत्या.

त्या दिवसापासून बाई बोलेनाशा झाल्या. मैदानावर शिट्टी वाजे, पण ‘विश्राम’ची आरोळी तळ्यापर्यंत जाईना. कुणाच्या पाठीला बोट लागेना. मी एकदा समजूत घालायला गेले. सासूनं राबवलं, त्याला तुम्ही काय करणार, असं काहीतरी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मुलीच्या परकराला टीप घालत म्हणाल्या, “तिनं मला सरळ विचारलं होतं. तू होतीस तिथे.” मला तेव्हाही पूर्ण उमगलं नाही. मला वाटलं चुकीचा सल्ला दिला म्हणून खात असेल त्यांना.

पुढच्या चैत्रात बाईंनी हळदीकुंकू केलं. दरवर्षीच करत, पण या वर्षी आमंत्रणं दारोदार जाऊन स्वतः दिली. आळीतल्या सगळ्या घरी, मास्तरणी, शिपाईण, प्रसूतिगृहातल्या आया, आणि म्हात्र्यांच्या घरी सासू-सून दोघी. गौर पाळण्यात बसली होती, कैरीची डाळ होती, पन्हं होतं. माजघर भरून बायका. पुरुष माणसाला बाईंनी बाहेर पाठवलं होतं. बायका कुठे कोण बसायचं ते चाचपत बसल्या. चांगुणाबाई दाराजवळ टेकली, तिच्यामागे यमुना.

ओट्या भरून झाल्या. बाई उठून गौरीजवळ उभ्या राहिल्या, मैदानावर राहत तशा.

“स्वातंत्र्याच्या दिवशी मी लेझीम खेळले ते तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी पाऊस होता, तेही ठाऊक आहे. पहिल्या उडीलाच माझं लुगडं ओलं झालं. पावसानं नाही. चावडीपर्यंत होतच राहिलं. पाऊस होता म्हणून झाकलं गेलं. मी घरी आले, धुवून वाळत घातलं आणि कुणाला बोलले नाही. अजून होतं. शिंकले की होतं, म्हणून मी पाय आवळून उभी राहते.”

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. माझ्या डोक्यात एकामागून एक गोष्टी जागेवर बसत गेल्या. गडद लुगडी, मोतिया पातळ, मुलींना पळायला लावून स्वतः कधीच न पळणं.

“यमुनेनं मला विचारलं होतं, बाई, तुम्हांला असं होतं का. मी नाही म्हटलं. तिला उड्या मारायला लावल्या.” इथे त्यांचा आवाज गेला. त्यांनी दाराकडे, चांगुणाबाईकडे पाहिलं. “तुमच्या घरी कुणी माझं नाव सांगून बाळंतिणीला उठवलं असेल, तर ते खोट्यावर उठवलंय. तेवढं सांगायचं होतं.”

पाळण्याच्या साखळीला कुणाचा तरी हात लागून ती किणकिणली. यमुना मान खाली घालून द्रोणातली डाळ बोटानं एका बाजूला करत होती. ती खालच्या मानेनंच बोलली, रागानं नाही, अगदी साध्या आवाजात.

“तवाच सांगायचं ना, बाई.”

मला वाटतं पुढे आयुष्यभर लेलेबाई त्या एका वाक्याला उत्तर देत राहिल्या.

कोपऱ्यातून सोनाराच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या की मला धाकट्याच्या वेळेपासून आहे हे, मी कीर्तनाला जाणं सोडलं ते त्यापायी. मग दुसरी एक बोलली. मग कुण्या एकीनं विचारलं की यावर काही करता येतं का. बाईंनी डोळे पुसले, सतरंजीवर बसल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं शिकवायला लागल्या. हळदीकुंकू लावलेल्या तीस-चाळीस बायका पन्ह्याचे पेले बाजूला ठेवून गंभीर चेहऱ्यानं बसून होत्या आणि वरून कुणाचं काही हलताना दिसत नव्हतं. “श्वास रोखू नका,” बाई मधून मधून म्हणत होत्या, “आणि सोडा, पुरतं सोडा.” जगातली सगळ्यांत शांत कवायत असेल ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हात्र्यांच्या दारात कळशी मागायला उभ्या राहिल्या. यमुनेच्या वाटचं पाणी मी भरणार, एवढंच म्हणाल्या. चांगुणाबाई हबकली. बामणाच्या बाईनं आमच्या घरी पाणी भरलं तर पाप आमाला लागंल, असं ती म्हणाली. बाईंनी तिला सांगितलं, “पापाचं माझं मी बघते. तुम्ही कळशी द्या.”

आणि त्या खरंच भरू लागल्या. रोज, शाळेच्या आधी. लोक बोलले. आळीतल्या काहींनी लेल्यांकडे जेवायला जाणं बंद केलं. मुख्याध्यापकांनी शाळेच्या अब्रूची गोष्ट काढली, ती बाईंनी ऐकून घेतली. उचलण्याआधी त्या एक क्षण थांबत, श्वास सोडत आणि मग उचलत. त्यांचं दुखणं व्यायामानं बरंच कमी झालं, पुरतं गेलं नाही. त्यांना विचारलं की सांगायच्या. आता त्या सगळंच सांगायच्या, नको तिथेसुद्धा. एस. टी. त शेजारी बाळंतीण बसली तर तिला विचारायच्या, खोकलीस की काय होतं गं? बिचारी खिडकीबाहेर बघायची. पण दिघाटीला उतरेपर्यंत व्यायाम शिकलेली असायची.

शाळेत पहिल्यांदा मूलबंधाचं पान उलटलं गेलं नाही. शिट्टी मात्र त्यांनी गळ्यातून काढून टेबलाच्या खणात ठेवून दिली. नव्या ड्रिलच्या बाई आल्या तेव्हा ती त्यांना दिली.

पुढे माझं लग्न झालं आणि बाळंतपणही पनवेललाच झालं. बाई रोज संध्याकाळी माझ्या बाजेशी येऊन बसत. ज्या बाजेला त्यांनी जन्मभर शिव्या दिल्या, तिच्यावरची चादर स्वतः झाडून घालत. मला उठायची घाई होती, शाळा खुणावत होती. त्या म्हणत, पड. आधी अंगणापर्यंत, मग देवळापर्यंत, आणि उड्यांचं नाव काढू नकोस. एकदा मी सहज म्हणाले की तुमच्यामुळे कितीजणी सुधारल्या, आता तरी स्वतःला लावून घेणं सोडा. त्या माझ्या मुलीचं दुपटं घडी घालत होत्या. ती घडी त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली. “त्या कितीजणींनी मला विचारलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “जिनं विचारलं, तिला मी नाही म्हटलं.”

यमुनेचं ऑपरेशन मुंबईला झालं तेव्हा तिची मुलं शाळेत जायला लागली होती. बाई तिच्याबरोबर राहिल्या होत्या. परत आल्यावरही पाणी बाईच भरत. दोघींमध्ये फार बोलणं होत नसे. यमुनेनं त्यांना माफ केलं की नाही हे मला कधी कळलं नाही, आणि बाईंनी ते तिला कधी विचारलं नाही.

माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही पनवेल सोडलं. निघालो त्या सकाळी एस. टी. आमच्या आळीच्या तोंडाशीच अडली, म्हशींचा कळप आडवा आला होता. खिडकीतून विहीर दिसत होती. यमुना काठावर उभी होती, समोर एक लहान कळशी, अर्धीच भरलेली असावी. शेजारी बाई, रिकाम्या हातांनी. मी त्यांना तिथे रिकाम्या हातांनी कधी पाहिलं नव्हतं. यमुना थांबली, तिनं श्वास सोडला आणि कळशी उचलून कमरेवर घेतली. बाईंनी मदत केली नाही. यमुना चालू लागली आणि बाई तिच्या मागोमाग, दोन्ही तळवे कळशीच्या खाली हवेत धरून, नुकतं चालायला लागलेल्या मुलामागून आपण चालतो तशा.

म्हशींनी धूळ उडवली होती. बाई एकदम थबकल्या. पाय पायावर आला, पाठ ताठ झाली, डोळे मिटले. यमुना दोन पावलं पुढे गेली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. कळशी कमरेवर तशीच धरून ती बाईंची शिंक होईपर्यंत थांबली.